घाट चढण्याआधी: गोव्याच्या गाडीचा फास्टॅग नाक्यावर का अडतो?

फोंड्याचा वाटसरू

नमस्कार मंडळी. गाडी खासगी, जीए-०५, २०१९ची. टॅग डीलरने गाडीबरोबरच चिकटवून दिलेला. गोव्यात तो वापरायची वेळच येत नाही. मांडवीवरचा अटल सेतू फुकट, नवा झुआरी पूल फुकट. आता मात्र फोंडा-बेळगाव महिन्यातून एकदा आणि फोंडा-पुणे वर्षातून चारदा जाणे-येणे ठरले आहे. शंका अशा:

१. टॅगमध्ये ६४० रुपये आहेत, तरी घाटावरच्या एका नाक्यावर पडद्यावर ‘ब्लॅकलिस्ट’ आले आणि दुप्पट टोल भरावा लागला. पैसे असताना ब्लॅकलिस्ट कसा?

२. रांगेत उभे राहून मोबाइलवरून रिचार्ज केला तर चालतो का?

३. दुसऱ्या एका खेपेला गाडी संध्याकाळीच घरी पोचलेली, आणि टोल कापल्याचा एसएमएस रात्री २ वाजून १० मिनिटांनी. तक्रार करायची का?

४. टोलचा वार्षिक पास अशा फेऱ्यांना परवडतो का?

अंदाज नको, नीट माहिती असलेल्यांनीच सांगावे ही विनंती.

लेन नंबर पाच

पहिला आणि तिसरा प्रश्न एकाच गोष्टीतून सुटतात. बूम (लेनवरचा आडवा दांडा) उघडतो त्या क्षणी तुमच्या खात्यातून काहीही कापले जात नाही.

लेनवर घडते ते असे. वरच्या कमानीवरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी सोडतो. टॅगमध्ये बॅटरी नसते. त्याच लहरींच्या जोरावर चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. लेनचा संगणक तो क्रमांक अपवाद-यादीशी, म्हणजे अडवायच्या टॅगांच्या यादीशी ताडून पाहतो. यादीत नसेल तर बूम वर. तेवढ्यात बाजूचे सेन्सर गाडीची उंची आणि धुरे मोजून वर्ग ठरवतात. मग तो व्यवहार नाक्याच्या सर्व्हरवरून नाक्याच्या बँकेकडे, तिथून एनपीसीआयच्या (बँकांमधले डिजिटल व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) स्विचकडे आणि शेवटी टॅग देणाऱ्या बँकेकडे जातो. कपात होते ती इथे, आणि एसएमएसही इथूनच येतो.

थोडक्यात, लेनला तुमचे ६४० रुपये दिसत नाहीत. तिला दिसते ते फक्त स्टेटस. शिल्लक आणि स्टेटस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोव्यातल्या गाड्यांची फसगत नेमकी इथेच होते. टॅग महिनोन्‌महिने पडून असतो. मध्ये बँक केवायसी मागते, आरसी मागते. ते मेसेज कोणी उघडत नाही. बँक टॅग हॉटलिस्ट, म्हणजे ब्लॅकलिस्ट करते, आणि हे कळते घाट चढून गेल्यावर.

रात्रीच्या एसएमएसचे: नाक्याचे नेटवर्क बंद असेल तर व्यवहार तिथेच साठून राहतात आणि जोडणी आली की एका दमात पुढे सरकतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये व्यवहार उघडा. दोन वेळा दिसतील, रीडरने टॅग वाचल्याची आणि खात्यात नोंद झाल्याची. वाचल्याची वेळ तुम्ही नाका ओलांडला तेव्हाची असेल तर विषय संपला. तीही रात्रीचीच असेल तर मात्र चुकीची कपात, आणि तिची तक्रार करायचीच.

म्हापशेकार टॅगवाला

वरचे बरोबर. टॅग काउंटरवर आणला की त्यात काय काय निघते ते मी सांगतो.

बाब, आधी बघा तुमचा टॅग गाडीच्या नंबरवर आहे की चेसिस नंबरवर. १ डिसेंबर २०१७ पासून नवी चारचाकी टॅगसकटच विकायची असा नियम आला. डीलर टॅग लावतो तेव्हा आरटीओचा नंबर पडलेला नसतो, म्हणून नोंद चेसिसवर होते. नंबर आला की तो बँकेत चढवायला हवा. आता त्याला गाडी घेतल्यापासून ९० दिवसांची मुदत आहे, पण जुन्या टॅगांत हे काम तसेच राहून गेलेले पुष्कळ सापडतात. जुन्या जीए-०१ आणि जीए-०२ मालिकेत आणखी एक भानगड: नंबरातले शून्य गाळून केलेली नोंद. आरसीवर आहे तसाच्या तसा नंबर टॅगवर नसेल तर पडताळणी अडकते.

दुसरे, मोबाइल नंबर. टॅगवर डीलरच्या पोराचा नंबर असतो, तुमचा नसतो. मग ओटीपी जातो त्याला, आणि केवायसी संपवण्याची ताकीदही त्यालाच.

तिसरे, जुना टॅग पेटीएम पेमेंट्स बँकेचा असेल तर रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे १५ मार्च २०२४ नंतर त्यात पैसे भरता येत नाहीत. तो बंद करून दुसऱ्या बँकेचा घ्या.

चौथे, सगळ्यात जास्त दिसणारे: एका काचेवर दोन टॅग. नियम ‘एक गाडी, एक टॅग’. नवा घेतला की जुना ब्लॅकलिस्ट होतो. पण जुना काचेवर तसाच राहिला तर रीडर दोन्ही वाचतो, आणि कधीकधी आधी मेलेलाच वाचतो. नुसता खात्यात बंद करून भागत नाही, ब्लेडने खरवडून काढा. खरवडताना अँटेना फाटतेच, तो परत लागत नाही. फाटावा म्हणूनच तसा बनवलेला असतो.

स्टेटस बघायला एनपीसीआयच्या संकेतस्थळावर एनईटीसी (राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक टोलवसुली) फास्टॅगचे पान आहे. गाडीचा नंबर टाका, टॅग कुठल्या बँकेचा आणि चालू आहे की नाही ते कळते. १०३३ या महामार्ग मदत क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. हे निघण्याच्या दोन दिवस आधी करा. पहाटे चोर्ला घाटाखालच्या केरीला पोचल्यावर केलेत तर बँक झोपलेली असेल.

चोर्लेवाट

प्रश्न दोन: रांगेत केलेला रिचार्ज चालत नाही. १७ फेब्रुवारी २०२५ पासून नियम आहे, टॅग नाक्याआधी ६० मिनिटांपेक्षा जास्त वेळ ब्लॅकलिस्ट असेल आणि नंतरच्या १० मिनिटांतही तसाच राहिला, तर व्यवहार कोड १७६ देऊन नाकारला जातो. दुप्पट भरा आणि पुढे व्हा.

लेन नंबर पाच

@चोर्लेवाट, नियम खरा, पण तो कोणासाठी आहे ते सगळेच चुकीचे सांगतात. ते परिपत्रक एनपीसीआयचे. नाक्याची बँक आणि टॅगची बँक यांच्यात पैशांवरून वाद झाला तर तो कसा सोडवायचा, एवढ्यापुरते. त्यानंतर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने खुलासाही केला: राष्ट्रीय महामार्गांवरचे नाके आयसीडी २.५ या पद्धतीवर चालतात, त्यात स्टेटस तत्काळ कळते, म्हणून नाका ओलांडण्याआधी कधीही रिचार्ज करता येतो. राज्य महामार्गांवरचे काही नाके तेव्हा जुन्या २.४ वर होते. तिथे यादी ठरावीक वेळाने येते, आणि रिचार्ज केला तरी लेनला तो लगेच कळत नाही.

पण हे सगळे शिल्लक संपल्यामुळे अडलेल्या टॅगाला लागू. केवायसीमुळे किंवा नोंदीतल्या गोंधळामुळे अडलेल्या टॅगात दहा हजार ओतले तरी तो उघडत नाही. फोंडेकरांच्या टॅगात ६४० रुपये पडून आहेत, म्हणजे रिचार्ज हा त्यांचा प्रश्नच नाही.

कारवाल्यांना आणखी एक सवलत आहे जी नाक्यावर कोणी सांगत नाही. फेब्रुवारी २०२१ पासून कार-जीप-व्हॅनला टॅगमध्ये ठरावीक किमान रक्कम ठेवण्याची सक्ती नाही. खाते उणे नसेल तर नाका ओलांडता येतो. ओलांडताना उणे झाले तर बँक अनामतीतून भरून घेते आणि पुढच्या रिचार्जमधून अनामत पुरी करते.

दुप्पटीबद्दलही. १५ नोव्हेंबर २०२५ला आलेल्या नियमात चालू टॅग नसलेल्या गाडीने रोख भरले तर दुप्पट, यूपीआयने भरले तर सव्वापट. टोल १०० असेल तर रोख २००, यूपीआय १२५. अडलात तर खिशातल्या नोटांना हात घालू नका.

आणि उलट बाजू: टॅग चालू आहे, पुरेशी शिल्लक आहे, आणि नाक्याचेच यंत्र बिघडले म्हणून वाचला जात नाही, तर राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांच्या २०१८च्या दुरुस्तीनुसार गाडी टोल न घेता सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. त्यासाठी तुमच्याकडे पुरावा हवा. बँकेच्या अ‍ॅपमधले ‘अ‍ॅक्टिव्ह’ लिहिलेले पान आधीच उघडून ठेवा. घाटात नेटवर्क मिळेलच असे नाही, म्हणून स्क्रीनशॉट असलेला बरा.

रेंटकॅब पर्वरी

पासाचे मी लिहितो, कारण भाड्याच्या गाडीवाल्यांचा यात फार गैरसमज आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या रेंट-अ-कॅबला आणि पिवळ्या पाटीच्या टॅक्सीला हा पास मिळत नाही. फक्त खासगी, बिगरव्यावसायिक कार-जीप-व्हॅन. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरची गाडीची नोंद तपासली जाते, त्यामुळे चलाखीला वाव नाही. नुसत्या चेसिस नंबरवरच्या टॅगलाही मिळत नाही, म्हणजे म्हापशेकारांनी सांगितलेले काम आधी.

पास १५ ऑगस्ट २०२५ला सुरू झाला तेव्हा ३००० रुपये: एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. राजमार्गयात्रा अ‍ॅपवर किंवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आहे त्याच टॅगवर चढतो, सर्वसाधारणपणे दोन तासांत चालू होतो. पैसे परत नाहीत, दुसऱ्या गाडीवर हलवता येत नाही.

‘फेरी’ या शब्दाने लोक फसतात. आपल्या वाटेवरच्या उघड्या (प्रत्येक नाक्यावर वेगळा टोल घेणाऱ्या) नाक्यांवर एक नाका एकदा ओलांडला की एक फेरी. फोंड्याहून पुण्याला जाताना हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे सहा नाके, म्हणजे जाऊन-येऊन १२. अनमोड-लोंढा-खानापूरमार्गे गेलात तर गणेबैल वाढतो, १४. चोर्ल्यातून जांबोटीवरून बेळगावला उतरलात तर गणेबैल लागत नाही. आंबोलीवरून आजरा-गडहिंग्लज करत संकेश्वरला निघालात तर हत्तरगी चुकतो, कोगनोळी चुकत नाही.

आता तुमचा हिशेब. चोर्ल्यातून वर्षाला चार पुणे म्हणजे ४८ फेऱ्या. नाक्याला सरासरी ८० रुपये धरा (हा फक्त गणितासाठी, दर १ एप्रिलला दर बदलतात, खरे आकडे अ‍ॅपवर बघून बेरीज करा). ४८ गुणिले ८०, ३८४० रुपये. पास ३००० रुपयांचा धरला तर ३८व्या नाक्यावर वसूल. म्हणजे चार खेपांना परवडतो, तीनला जेमतेम तोट्यात, दोनला मुळीच नाही. बेळगाव चोर्ल्यातून करत असाल तर हिशेबात धरू नका, तिथे नाकाच नाही. अनमोडमार्गे करत असाल तर दर महिन्याला दोन फेऱ्या वाढतात, पास आणखी लवकर सुटतो.

पण नुसते बेळगावच करणाऱ्याने पास घेऊ नये. फास्टॅगवर २४ तासांत परतलात तर जाऊन-येऊन मिळून दीडपटच लागते, म्हणजे १०० अधिक १०० ऐवजी १५०. सकाळी बाजार करून रात्री परतणाऱ्याला तेच स्वस्त.

वास्को एक्सप्रेस

पासात मुंबई धरू नका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचा, तिथे हा पास चालत नाही, नेहमीसारखे टॅगमधून कापले जातात. समृद्धी, वांद्रे-वरळी सेतू आणि मुंबईच्या अटल सेतूचे तसेच. म्हणून पास असला तरी टॅगमध्ये शिल्लक लागतेच.

अटल सेतूवरून आठवले: ‘गोव्यात अटल सेतूवर कारला २५० रुपये टोल सुरू’ असे फॉरवर्ड अधूनमधून फिरते. ती पावती शिवडी-न्हावाशेव्याच्या पुलाची. आपल्या मांडवीवरच्या पुलाचे नावही तेच, आणि आपला २०१९चा म्हणजे वयाने मोठा. घाबरू नका.

फोंड्याचा वाटसरू

सगळ्यांचे आभार. एनपीसीआयच्या पानावर पाहिले. गाडीच्या नंबरावर टॅग दिसतो पण ‘इनअ‍ॅक्टिव्ह’. बँकेने सांगितले की आरसीची पडताळणी राहिली आहे, ती होईल. एसएमएसमधली वाचल्याची वेळ संध्याकाळचीच निघाली, म्हणजे तक्रार नाही.

आता दोन उपप्रश्न. समोरची काच लवकरच बदलायची आहे, खडीच्या ट्रकमागे तडा गेलाय. नव्या काचेवर उन्हासाठी फिल्म लावायचा विचार होता. टॅगला चालते का? आणि चुकीची कपात खरेच झाली तर तक्रार कशी करायची, तेही लिहून ठेवा.

म्हापशेकार टॅगवाला

काच बदलली की टॅग गेला, नवा घ्यायचा. बँकेला ‘नवा टॅग’ सांगू नका, ‘रिप्लेसमेंट’ सांगा. खाते आणि अनामत तीच राहते. पास चढवायचा असेल तर काच आणि टॅग आधी, पास नंतर.

फिल्मचे: धातूचा थर असलेली फिल्म टॅगच्या लहरी अडवते. दुकानदार ‘सिरॅमिक आहे, चालते’ म्हणेल. बिलावर बिगरधातू असे लिहून घ्या, आणि तरीही टॅगच्या मागचा चौकोन कापायला सांगा. समोरच्या काचेला किती पारदर्शकता हवी याचा कायदा वेगळाच आहे, तोही विसरू नका. काही नव्या गाड्यांच्या काचेतच उष्णता अडवणारा धातूचा थर असतो. अशा काचेवर आरशामागे ठिपक्यांचा भाग सोडलेला दिसेल, टॅग तिथेच लावायचा.

लावायची जागा: आतून, वर मध्यभागी, आरशाच्या मागे. काचेच्या कडेच्या पत्र्यापासून आणि डॅशकॅमपासून थोडा दूर. पावसाळ्यात आपल्याकडे काचेला आतून दमटपणा धरतो, त्यावर चिकटवला तर आठवड्यात कोपरे सुटतात. आधी एसी लावून काच कोरडी करा, सुती फडक्याने तेलकटपणा पुसा, मग मधून बाहेरच्या बाजूला दाबत जा. घडी घालायची नाही, वरून सेलोटेप नको, देवाचा फोटो त्यावर नको.

आणि टॅग हातात धरून दाखवायची सवय सोडा. काचेवर न लावलेल्या टॅगला दुप्पट टोलाची सूचना जुलै २०२४ची, आणि २०२५पासून असे टॅग ब्लॅकलिस्टही करतात.

लेन नंबर पाच

हातातल्या टॅगचा राग नाक्यावाल्यांना उगाच नाही. हात हलला की शेजारच्या लेनचा रीडर तो वाचतो आणि दुसऱ्याच गाडीसाठी बूम उघडतो. पुढच्या गाडीला बंपर लावून उभे राहण्याचाही परिणाम तोच. पुढच्याचा टॅग वाचला गेला नाही, तुमचा वाचला गेला, बूम उघडला आणि तो गेला. आता तुमच्या टॅगचा व्यवहार झालेला आहे, आणि गाडी तुमची अडलेली. पिवळ्या पट्ट्यामागे एका गाडीइतके अंतर ठेवा. नाक्यावरची अर्धी भांडणे त्या रिकाम्या जागेत मिटतात.

चुकीची कपात बहुधा तीन वाटांनी होते. एक, वर सांगितलेली अदलाबदल. दोन, वर्गाची चूक: कारला हलक्या मालवाहू गाडीचा दर. तीन, टॅग वाचला नाही म्हणून ऑपरेटरने हाताने नंबर टाइप केला आणि एक आकडा चुकला. जीए-०३ आणि जीए-०८ किंवा ०५ आणि ०६ ही आपली नेहमीची गल्लत. कोगनोळीला कधीही न गेलेल्या गाडीचा कोगनोळीचा टोल असाच कापला जातो.

तक्रार आधी टॅग देणाऱ्या बँकेकडे, अ‍ॅपमधल्या त्या व्यवहारावरूनच. नाक्यावर भांडून पैसे परत मिळत नाहीत. व्यवहार क्रमांक, नाक्याचे नाव, लेन, वाचल्याची वेळ द्या. लेनवर प्रत्येक गाडीचा फोटो निघतो, म्हणून बँकेला ‘लेनचा फोटो मागवा’ असे स्पष्ट लिहा. चुकलेला नंबर फोटोत लगेच दिसतो. त्या वेळी गाडी दुसरीकडे असल्याचा पुरावा (पंपाचे बिल, पार्किंगची पावती) असेल तर जोडा. सोबत १०३३ वर नोंद करून क्रमांक घ्या. हाताने नंबर टाकून चुकीची कपात करणाऱ्या टोलवसुली संस्थेला एका प्रकरणात एक लाख रुपये आणि त्याहून जास्त दंडाची तरतूद आहे, त्यामुळे १०३३ वरची तक्रार ते हलक्यात घेत नाहीत. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा पटणारे दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल.

रेंटकॅब पर्वरी

एक राहिले. जुनी गाडी विकलीत तर टॅग बंद करूनच चावी द्या. आरसी नावावर व्हायला वेळ लागतो, तोवर नवा मालक कारवारच्या बाजूला फिरून येतो आणि अंकोल्याजवळच्या नाक्याचा टोल तुमच्या खात्यातून जातो. यात नाक्याची चूक काहीच नसते, म्हणून पैसेही परत मिळत नाहीत.

फोंड्याचा वाटसरू

पडताळणी झाली, पानावर ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसतो. काच बदलून झाली की रिप्लेसमेंट टॅग, मग पास, मग चोर्ले. देव बरें करूं.

म्हापशेकार टॅगवाला

रिप्लेसमेंट टॅग लागला की पानावर परत एकदा नंबर टाकून बघा. जुना बंद आणि नवा चालू असे दोन्ही दिसले पाहिजे. कधी उलटे होते.